मामांच्या डोक्यातलं पाणी

मंगळवेढ्याच्या माझ्या मामांना त्या पहाटे काय झालं, याचं निदान बघणाऱ्या प्रत्येकाने एकच केलं: वारं गेलं. उजवा हात पांघरुणावर तसाच पडलेला, तोंड डावीकडे ओढलेलं, जीभ जड. मामी सांगतात, "चहाला उठवाय गेले तर नुसतंच बघाय लागले. हात उचलंना, बोलाय येईना." मामांनी पन्नाशी ओलांडलेली, बीपीची गोळी चालू, विडी सुटलेली पण फार उशिरा. अशा माणसाला पक्षाघाताचा झटका आला तर कुणाला नवल वाटणार? पुढे ज्या न्यूरोसर्जननी त्यांचं ऑपरेशन केलं तेही म्हणाले, "मी तिथे असतो तरी मलाही हेच वाटलं असतं."

पण तो पक्षाघात नव्हता. मामांच्या मेंदूच्या डाव्या अंगाला, कानशिलाच्या आत, जन्मापासून पाण्याची एक गाठ होती. गॅरेजमध्ये ट्रकखाली झोपून अख्खं आयुष्य काढलेल्या या माणसाला ती आहे याचा पत्ताच नव्हता. त्या गाठीपायी रक्त साचलं, रक्ताने मेंदू दाबला आणि त्याने पक्षाघाताचं रूप घेतलं. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले, डॉक्टरांना विचारत आले. आणि एक गोष्ट मला सारखी खुपते. पहिल्या तासात जिथे धावायला हवं तिथे घरचे लोक थबकतात. मग स्कॅनमध्ये गाठ दिसली, की जिथे थांबायला हवं तिथे घाईला येतात.

त्या पहाटे आमच्याकडेही थबकायची पूर्ण तयारी होती. शेजारचे दोघेतिघे जमले. एकाने सांगितलं, पारव्याचं रक्त चोळा. दुसऱ्याच्या ओळखीत वाऱ्याचं औषध देणारा होता, पण तो रविवारीच बसायचा. तिसऱ्याने घरून ॲस्पिरिनची गोळी आणली, "रक्त पातळ होतंय, द्या." मायेने आलेली माणसं होती, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण माझा मामेभाऊ त्या घोळक्यात कुणाचं ऐकत बसला नाही. त्याने १०८ला फोन लावला, गोळी देऊ दिली नाही, पाणीसुद्धा पाजू दिलं नाही. हे त्याला कुठून सुचलं, असं मी नंतर विचारलं. त्याच्या मित्राच्या वडिलांना अशाच अवस्थेत चहा पाजला होता. तो श्वासनलिकेत गेला आणि न्यूमोनिया झाला. गिळण्याची ताकद गेली आहे की शाबूत आहे हे बाहेरून दिसत नाही. आणि आत रक्ताची गुठळी आहे की रक्तस्राव, हे तर कुणालाच दिसत नाही. म्हणून घरच्या घरी ॲस्पिरिन देणं हा जुगार आहे.

धावायचं कशासाठी, हेही नीट सांगायला हवं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६मध्ये मांडला गेला आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मांडीच्या रक्तवाहिनीतून तार घालून गुठळी ओढून काढण्याची सोय मोठ्या शहरांत आहे. निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंत करता येते, पण तिथेही जितकं लवकर तितकं चांगलं.

आणि हे घड्याळ कधी सुरू होतं? त्रास दिसला तेव्हा नाही, तर माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. सोलापूरच्या कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टरीणबाईंनी मामींना सगळ्यात आधी तेच विचारलं, "रात्री कधी ठीक बघितलं होतं?" मामी म्हणाल्या, दहाला झोपले. म्हणजे वेळ हातची गेलीच होती. पण बाईंनी सोडलं नाही. मध्ये उठले होते का? लघवीला, पाण्याला? मग मामींना आठवलं. चारच्या सुमाराला मामांनी तांब्या मागितला होता आणि "आज लवकर जायचंय" असं नीट बोलले होते. एवढ्या एका आठवणीने घड्याळ दहावरून चारवर आलं. ॲम्ब्युलन्स पोचली तेव्हा साडेसात वाजायचे होते. वेळ अजून हातात होती.

बोटाला टोचून साखर तपासली. साखर फार उतरली तरी हात लुळा पडतो, बोबडी वळते, आणि ग्लुकोज दिलं की माणूस काही मिनिटांत उठून बसतो. पक्षाघाताचं सोंग घेणाऱ्या आजारांत हा सगळ्यात सोपा. साखर बरोबर निघाली. मग स्ट्रेचर तसंच सीटी स्कॅनकडे.

सीटी स्कॅनचा इतिहास मी नंतर वाचला आणि एका तपशिलाशी थांबले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डनमध्ये, ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात, जगातल्या पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. यंत्र बनवलं होतं ईएमआय कंपनीतले इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी, सोबत रेडिओलॉजिस्ट जेम्स ॲम्ब्रोज. रुग्ण एक स्त्री होती, मेंदूच्या पुढच्या भागात ट्यूमरची शंका होती. आणि त्या पहिल्यावहिल्या चित्रात दिसली ती द्रवाने भरलेली गोल गाठ. कवटी न उघडता जिवंत माणसाचा मेंदू असा थेट दिसला तो पहिल्यांदा, आणि दिसली ती गाठच. १९७९मध्ये हाउन्सफील्ड आणि या तंत्रामागचं गणित मांडणारे ॲलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं. त्याआधी काय करत असत, तर मणक्यातून किंवा कवटीला भोक पाडून आत हवा भरायची आणि एक्स-रे काढायचे. अमेरिकेतल्या वॉल्टर डँडी यांनी पहिल्या महायुद्धाच्या शेवटी शोधलेला हा उपाय, रुग्णाला असह्य डोकेदुखी देणारा. मामा त्या काळात आजारी पडले असते तर "वारं गेलं" हेच निदान कायम राहिलं असतं, आणि बहुधा तेच मृत्यूच्या दाखल्यावर चढलं असतं.

मामांच्या चित्रात दोन गोष्टी होत्या. डाव्या कानशिलाच्या आत काळा, गुळगुळीत कडांचा एक भाग. मेंदूभोवतीचं पाणी सीटीत जितकं काळं दिसतं तितकाच काळा. आणि त्याच्या वर, कवटी आणि मेंदू यांच्या मध्ये, चंद्रकोरीच्या आकाराचा राखाडी थर. तो थर म्हणजे काही आठवड्यांचं जुनं रक्त, त्यात थोडी ताज्या रक्ताची भर. त्याने मेंदू उजवीकडे ढकलला होता.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथे दिलं असतं तर तो रक्तस्राव वाढला असता. पक्षाघातात जे औषध हात-पाय वाचवतं, त्याने इथे जीव गेला असता. दोन्हींच्या मध्ये काही मिनिटांचा स्कॅन होता, बस. म्हणून मला वाटतं, "पण तो खरा पक्षाघात नसेल तर?" या शंकेने घरी थांबण्यात काहीच अर्थ नाही. खरा असो वा भासणारा, पहिला रस्ता एकच आहे, आणि तो सीटी मशीन असलेल्या हॉस्पिटलाकडे जातो.

डोक्याला मार लागला होता का, हे तीनदा विचारून झालं होतं. सगळे नाही म्हणाले होते. चित्र बघितल्यावर सर्जननी चौथ्यांदा विचारलं, "महिना-दीड महिन्यात कधी काही आपटलं होतं?" तेव्हा गॅरेजमधला पोरगा म्हणाला, "ट्रकखालनं बाहेर येताना चासीला लागलं होतं की मालकांना. पण तसं तर रोजच लागतंय."

मेंदूवर तीन आवरणं असतात. मधल्या पातळ आवरणाचे पदर गर्भातच कुठे विलग झाले तर मध्ये पोकळी तयार होते आणि तिच्यात मेंदूभोवतीचंच पाणी भरतं. हिला ॲराक्नॉइड सिस्ट म्हणतात. ही गाठ कॅन्सरची नाही, होणारही नाही. मोठ्या माणसांचे मेंदूचे स्कॅन चाळले तर शंभरात एक-दोघांकडे ती सापडते. कानशिलाच्या आतली जागा तिची सगळ्यात आवडती, त्यातही डावी बाजू जास्त, बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. बहुतेक जण तिच्यासकट जगतात, म्हातारे होतात, त्यांना कधी कळतही नाही. पण गाठीच्या भिंतीवरून आणि तिच्या आजूबाजूने ज्या बारीक रक्तवाहिन्या जातात त्यांना मेंदूचा आधार कमी असतो. हलक्याशा धक्क्यानेही एखादी फाटते, रक्त थेंबाथेंबाने साचत राहतं. आठवडे जातात. डोकं थोडं दुखतं, माणूस क्रोसिन घेतो. मग एका पहाटे मेंदूची सोसण्याची हद्द संपते.

पहिलं ऑपरेशन त्याच दुपारी झालं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसत होतं. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राने रेशनकार्ड आणि आधार घेऊन कागद पुढे सरकवले. मी पुण्याहून पोचले तोवर मामांना आत नेलं होतं. कवटीला दोन छोटी भोकं पाडायची, आवरण उघडायचं, साचलेलं रक्त बाहेर येऊ द्यायचं, कोमट सलाइनने धुवायचं, आत एक नळी ठेवून एक-दोन दिवस उरलेलं निचरू द्यायचं. मेंदूच्या ऑपरेशनांत हे त्यातल्या त्यात सोपं मानतात. मामांना चार दिवसांनी नीट बोलता यायला लागलं, तेव्हा त्यांनी सर्जनना पहिला प्रश्न विचारला, "निघालं ते दिसतंय कसं?" सर्जन म्हणाले, "इंजिनातल्या जुन्या ऑइलसारखं." मामांनी समजल्यासारखी मान हलवली. त्यांच्या उजव्या हाताची पकड तर दुसऱ्या दिवशीच परतली होती. नर्सबाईंनी बोट दाबायला सांगितलं आणि त्या "अहो, सोडा आता" म्हणाल्या.

इथे आमच्या घरात दुसरा अंक सुरू झाला. रक्त काढलं, मग गाठ का ठेवली? मोठे मामा चिडले. एवढं डोकं उघडलंच होतं तर तेही काढून टाकायचं. मलाही आतून तसंच वाटत होतं. सर्जननी आम्हा सगळ्यांना बसवून घेतलं आणि न कंटाळता सांगितलं. गाठ बावन्न वर्षं आत आहे. मेंदू तिला जागा देऊनच वाढला आहे. त्रास रक्ताने दिला, ते काढलं. आणि ही गाठ 'काढत' नाहीतच; तिची भिंत मेंदूला, नसांना, रक्तवाहिन्यांना चिकटलेली असते, ती सोलायला गेलं तर नुकसान होईल. करायचंच झालं तर तिच्या भिंतीला खिडक्या पाडतात, म्हणजे आतलं पाणी मेंदूभोवतीच्या वाहत्या पाण्यात मिसळतं. ते मोठं ऑपरेशन आहे. त्याची गरज पडेल की नाही हे आज सांगता येत नाही. काही सर्जन दोन्ही एकदम करतात, त्यांचंही म्हणणं चुकीचं नाही. "पण माझ्या वडिलांचं डोकं असतं तर मी थांबलो असतो."

वॉर्डात मामांच्या पलीकडच्या खाटेजवळ एक आजोबा बसलेले असत. त्यांची सून बायकांच्या वॉर्डात होती. तिला झोपेत फिट आली होती आणि सकाळी डावा हात काही तास लुळा होता. फिट येऊन गेल्यावर मेंदूचा तो भाग थकून गप्प होतो आणि काही तासांत, कधी दिवस-दीड दिवसात, आपोआप पूर्ववत होतो. लंडनच्या रॉबर्ट टॉड यांनी १८४९मध्ये हे लिहून ठेवलं. पक्षाघाताचं सोंग घेणाऱ्यांत हेही फार मोठं. त्या सुनेच्या स्कॅनमध्ये छोटीशी गाठ होती, कडेने गोल आणि मध्ये ठिपका. ठिपका म्हणजे टेपवर्मच्या, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या पट्टीसारख्या लांब जंताच्या, अळीचं डोकं. घर माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. आजोबा हे सांगताना रडवेले झाले होते, गावात लोक काय म्हणतील म्हणून. डॉक्टरांनी त्यांना समजावलं ते प्रत्येक शाकाहारी घरात पोचायला हवं. नीट न शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात टेपवर्म होतो. मेंदूतल्या गाठी मात्र त्याच्या अंड्यांनी होतात. ज्याच्या पोटात टेपवर्म आहे त्याच्या विष्ठेतून ती अंडी मातीत, पाण्यात, न धुतलेल्या हातांवर, कोथिंबिरीवर, मुळ्यावर येतात. त्यासाठी मांस खावं लागत नाही. आपल्याकडे फिट येण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. फिटची गोळी, सूज उतरवणारं औषध, गरज असेल तर अळी मारणारं औषध, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली, कारण अळी मरताना मेंदू सुजतो. सुरी लागते ती गाठ मेंदूच्या पाण्याच्या वाटेत अडकली तर. ती बाई आठवडाभरात चालत घरी गेली.

आणखी एक गाठ आहे, तिच्याबद्दल मी फक्त वाचलं आहे, पण वाचल्यापासून ती डोक्यातून जात नाही. कुत्री आणि मेंढरं जिथे एकत्र राहतात तिथला हायडॅटिड नावाचा आजार. मेंदूत तो क्वचित जातो, आणि गेला तर बरेचदा मुलांच्या. पाण्याने भरलेली ही गाठ लिंबाएवढी, कधी संत्र्याहून मोठी होते, आणि हळूहळू एक बाजू लुळी पडते. ती फुटली तर आतल्या द्रवाने जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते आणि नव्या गाठी रुजतात. म्हणून ती चिमट्याने धरायचीच नाही. दक्षिण अमेरिकेतल्या सर्जननी उपाय काढला, १९२९मध्ये डाउलिंग यांनी तो मांडला. मेंदूचा पातळ पापुद्रा उघडायचा, गाठ आणि मेंदू यांच्या फटीत मऊ नळीने सलाइन सोडत राहायचं आणि टेबलाचा डोक्याकडचा भाग खाली झुकवायचा. पाण्याच्या रेट्याने आणि स्वतःच्या वजनाने गाठ सबंध बाहेर येऊन पडते. सर्जनचा हात तिला लागतही नाही. इतक्या नाजूक गोष्टीसाठी माणसाने बळ वापरायचं नाकारून पाण्याला काम दिलं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

मामांना पुन्हा ऑपरेशन लागलं. पाच-सहा महिन्यांनी सकाळी उठल्यावर डोकं जड राहू लागलं, वाकून नट खोलताना डोळ्यांपुढे काळोखी येई. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंनी बाहुली मोठी करून आत पाहिलं आणि चष्म्याचा कागद लिहिण्याऐवजी सरळ सोलापूरला पाठवलं. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस सुजली होती. डोक्यातला दाब वाढल्याची ती खूण. एमआरआयमध्ये दिसलं की गाठीतलं पाणी भिंतीच्या एखाद्या चिरेतून बाहेर येऊन कवटीखाली साठत होतं. आता थांबण्यात अर्थ नव्हता, हेही त्याच सर्जननी तितक्याच स्पष्ट सांगितलं. नस फार काळ सुजलेली राहिली तर दृष्टी जाते आणि गेलेली परत येत नाही.

दोन रस्ते होते. एक शंट: गाठीतून कातडीखालून नळी काढून पोटात सोडायची, पाणी तिथे जिरतं. ऑपरेशन छोटं. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाइप बसवला म्हणजे कधी ना कधी चोक होणार." सर्जन हसले नाहीत. म्हणाले, "होतो. जंतूही लागतात. आणि काही जणांचा मेंदू त्या नळीवरच अवलंबून राहतो. म्हणून मी आधी दुसरा रस्ता बघीन." दुसरा रस्ता म्हणजे कानाच्या पुढे, केसांच्या रेषेत चीर, कवटीचा एक तुकडा बाजूला, आणि मायक्रोस्कोपखाली गाठीच्या तळाशी पोचून तिच्या आतल्या भिंतीला खिडक्या पाडायच्या. ऐकायला सोपं. पण ती भिंत असते डोळ्याची नस, मेंदूची मुख्य रक्तवाहिनी आणि पापणी उचलणारी नस यांच्या मधोमध. खिडकी पाडायला जागा आहे ती या तिघींच्या फटींत, काही मिलिमीटरची. संमतीच्या कागदावर सही करताना मामींनी प्रत्येक धोका वाचून घेतला: पापणी पडू शकते, वाचा जाऊ शकते, पाणी गळू शकतं, रक्तस्राव होऊ शकतो. मग म्हणाल्या, "करा."

मामांची डावी पापणी काही आठवडे अर्धी मिटलेली राहिली, मग उघडली. जखमेवर पाणी साठून फुगवटा आला, तो पट्टीने बसला. डोळ्यांची नस दोन-तीन महिन्यांत पूर्ववत झाली. नंतरच्या एमआरआयमध्ये मात्र गाठ जवळपास तेवढीच दिसली आणि मोठे मामा पुन्हा अस्वस्थ झाले. पण रिकामी झालेली जागा मेंदू लगेच भरून काढत नाही, प्रौढ वयात तर फारच थोडी. दाब गेला का, नस उतरली का, डोकं दुखायचं थांबलं का, हे बघायचं असतं. चित्रातला काळा भाग राहिला तर राहिला. मामा आता गॅरेजमध्ये बसतात, ट्रकखाली जात नाहीत. फिटची गोळी रात्री नऊला घेतात. पोरांना हेल्मेटशिवाय टेस्ट ड्राइव्हला पाठवत नाहीत.

मागच्या वर्षी पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाला डोकेदुखीसाठी एमआरआय सांगितला. वय बारा. डोकेदुखीचं कारण मायग्रेन निघालं, पण रिपोर्टात डाव्या कानशिलाशी ॲराक्नॉइड सिस्ट. आई रिपोर्ट घेऊन रात्री माझ्याकडे आली. तोवर तिने इंटरनेटवर जे वाचायचं ते सगळं वाचलं होतं, ऑपरेशनचा अंदाजे खर्चही काढला होता. मी तिला मामांना फोन लावून दिला.

मामांनी धीर वगैरे दिला नाही, प्रश्न विचारले. सकाळी उलटी होते का? फिट आलीय का कधी? डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आत बघितलं का? डोळे तपासलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी तपासले, नस ठीक होती. न्यूरोसर्जननी ऑपरेशनची गरज नाही, वर्षाने पुन्हा चित्र काढू, असं सांगितलं. मुलाने शाळेच्या कबड्डी संघाचं विचारलं, त्यावर डॉक्टर आणि आईवडील बराच वेळ बोलले. शेवटी त्याने कबड्डी सोडून बॅडमिंटन घ्यायचं ठरलं. मामांच्या सांगण्यावरून आईने एक फाइल केली आहे. तिच्यात स्कॅनच्या सीडी आहेत, आणि पहिल्याच पानावर गाठ कुठे आहे, केवढी आहे आणि कोणत्या तारखेला मोजली हे मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. मूल कधी कुठे पडलं तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरच्या हातात आधी ते पान द्यायचं. पुढचा एमआरआय जूनमध्ये आहे, शाळा सुरू व्हायच्या आधी.